वयाचा रकाना

तपासणीला येणाऱ्या प्रत्येक तुकड्यासोबत आमच्या विभागात एक फॉर्म येतो. नाव, वय, तुकडा कुठल्या अवयवातला आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना शंका कसली, एवढंच त्यावर असतं. मायक्रोस्कोपखाली काच सरकवण्याआधी मी तो वाचते, आणि वाचायलाच हवा, कारण वय कळलं की निम्मी दिशा ठरते. पोटातली गाठ तीन वर्षांच्या मुलाची असेल तर न्यूरोब्लास्टोमा किंवा विल्म्स ट्यूमर मनात येतो, पंधरा वर्षांच्या मुलाची असेल तर लिम्फोमा, साठीच्या माणसाची असेल तर आतड्याचा कॅन्सर. हा आडाखा बहुतेक वेळा खरा ठरतो. तो जिथे खोटा ठरला, त्या मोजक्या मुलांबद्दल मला लिहायचं आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून गावं आणि घरचे तपशील बदलले आहेत; आजार मात्र होता तसाच सांगते आहे.

मराठवाड्यातला एक मुलगा, वय पंधरा. पाठ दुखते, दम लागतो, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, प्लेटलेट्स फार खाली. फॉर्मवर शंका लिहिलेली: ल्युकेमिया. त्या वयात, त्या लक्षणांवर मीही तेच लिहिलं असतं. रक्ताच्या काचेवर मात्र ल्युकेमियाच्या पेशी नव्हत्या. एरवी मज्जेतच राहायला हव्यात अशा कच्च्या लाल आणि पांढऱ्या पेशी रक्तात उतरल्या होत्या. म्हणजे आत कुणीतरी त्यांची जागा घेत होतं. वॉर्डातले डॉक्टर सुईने बोन मॅरो ओढायला गेले तर काही आलंच नाही. म्हणून कमरेच्या हाडाचा बारीक तुकडा काढून पाठवला होता.

त्या तुकड्यात रक्त तयार करणाऱ्या पेशींना जागाच उरली नव्हती. फिकट, फुगलेल्या पेशी सगळीकडे सुट्या सुट्या पसरल्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात श्लेष्मा भरलेला आणि त्याच्या रेट्याने केंद्रक कडेला जाऊन चपटं झालेलं. खड्याच्या अंगठीसारख्या दिसतात म्हणून त्यांना सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. त्या हाडातल्या नसतातच. जठर, आतडं, क्वचित स्तन, अशा ठिकाणाहून येतात. आम्ही आयएचसी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, लावली. सायटोकेरॅटिन २० आणि सीडीएक्स-२ गडद तपकिरी उमटले, सायटोकेरॅटिन ७ कोरं राहिलं. ही खूण मोठ्या आतड्याकडे बोट दाखवते.

वॉर्डात फोन केला आणि विचारलं, पोटाची काही तक्रार आहे का? निवासी डॉक्टरने कागद चाळले. पोटाबद्दल कुठे काही नोंद नव्हती. तो आईला विचारून आला. आई म्हणाली होती, "मूळव्याध आहे की त्याला. वर्ष झालं. मलम देतेत गावातले डॉक्टर." पाठीचं तिने आपणहून सांगितलं होतं, कारण पोरगा गावच्या संघात कबड्डी खेळायचा, चढाईला जायचा. कुठल्याशा पकडीत पाठ मुरगळली असं घरच्यांनी, मास्तरांनी आणि त्याने स्वतःही धरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात, अरुंद झालेला कडक भाग होता.

इथे थोडं थांबून ही पसरण्याची वाट सांगते, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. मोठ्यांमध्ये आतड्याचा कॅन्सर बहुधा ठरल्या रस्त्याने जातो. आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, म्हणून पहिला फैलाव यकृतात, पुढे फुफ्फुसात. सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले की डॉक्टर आतड्याकडे वळतात, ती सवय आम्हाला विद्यार्थिदशेपासून लागलेली असते. सिग्नेट रिंग पेशी हा रस्ता फारसा धरत नाहीत. नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी एकमेकींना धरून ग्रंथींसारख्या रचना करतात. या पेशींची एकमेकींवरची पकडच गेलेली असते. त्या एकेकट्या निसटतात. आतड्याच्या भिंतीत आडव्या पसरत जातात, भिंत ओलांडून पोटाच्या पोकळीत उतरतात आणि पोटाच्या अस्तरावर, ओमेंटमवर (आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यावर), अंडाशयावर रुजतात. कधी लसीका वाहिन्या भरून टाकतात. कधी मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून हाडांपर्यंत पोचतात. त्या शिरांना झडपा नसतात आणि ओटीपोटातल्या शिरांशी त्या जोडलेल्या असतात, हे ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवून दिलं होतं. यकृत या सगळ्यात पुष्कळदा स्वच्छ राहतं. आणि स्वच्छ यकृत पाहून माणूस निश्चिंत होतो.

प्रौढांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हा प्रकार शंभरात एखादा. किशोरवयात मात्र सिग्नेट रिंग आणि श्लेष्माने भरलेले ट्यूमर कितीतरी जास्त प्रमाणात दिसतात. आजारच दुर्मीळ: वीस वर्षांखालच्या दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण एक. म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरांना अख्ख्या आयुष्यात एकही दिसणार नाही असंही होऊ शकतं. तरी एखाद्या मोठ्या केंद्रात अशी मुलं येत राहतात, आणि येतात ती बहुतेक तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात.

त्या मुलाला मी वॉर्डात जाऊन पाहिलं. पॅथॉलॉजिस्टने पेशंट पाहायला जाण्याची पद्धत नाही, पण मला अशा वेळी राहवत नाही. सडपातळ, लांब हाताचा, बोलायला उत्सुक. त्याला केमो सुरू झाला आणि पहिल्या काही फेऱ्यांत प्लेटलेट्स वर आल्या, पाठ दुखायची थांबली. तो घरीही जाऊन आला. नंतर आजार पुन्हा उसळला आणि रक्त गोठण्याची यंत्रणाच कोसळली. तो गेला तेव्हा त्याची आई मला शोधत खाली लॅबमध्ये आली. तिला एकच विचारायचं होतं: वर्षभर आधी कळलं असतं तर? मी तिला सांगितलं, ताई, तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात. तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. ते खरंच होतं. पण तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, आणि ते तिलाही कळत होतं.

दुसरी एक मुलगी, सतरा वर्षांची, सोलापूरकडची. पोट वाढत होतं आणि पाळी दोन महिने चुकली होती. आपल्याकडे अशा वेळी आईच्या मनात पहिलं काय येतं ते सांगायला नको. तिने मुलीला गावात न दाखवता ओळखीचं कुणी नसलेल्या दुसऱ्या तालुक्यात नेऊन सोनोग्राफी केली. गर्भ नाही हे कळल्यावर तिने इतका मोठा सुस्कारा टाकला की दोन्ही अंडाशयांवर मोठ्या गाठी आहेत, हे डॉक्टरांना तिला दोनदा सांगावं लागलं. ऑपरेशन झालं. दोन्ही अंडाशय आमच्याकडे आले: घट्ट, पांढरट, बाहेरून गुळगुळीत. कापून पाहिलं तर काही भाग चिकट. काचेवर पुन्हा त्याच अंगठीच्या पेशी.

अंडाशयावरच्या या गाठीला क्रुकेनबर्ग ट्यूमर म्हणतात. फ्रिडरिश क्रुकेनबर्ग या तरुण जर्मन डॉक्टरांनी १८९६ मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा ती अंडाशयाचीच मूळ गाठ आहे असं त्यांना वाटलं होतं. ती पाहुणी असते, पोटातल्या दुसऱ्या कुठल्या अवयवातून आलेली असते, हे पुढे इतरांनी सिद्ध केलं. सव्वाशे वर्षं होऊन गेली तरी तोच भास आजही पडतो. मूळ गाठ मुकाट, लहान. पाहुणी मात्र नारळाएवढी. या मुलीचं मूळ सीकममध्ये निघालं, लहान आतडं मोठ्याला जिथे मिळतं तिथे. ऑपरेशनच्या वेळी अपेंडिक्स पाहिलं होतं, शेजारचं आतडं चाचपलं गेलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीचं आतडं कोण चाचपतो? तरुण मुलीच्या दोन्ही अंडाशयांवर घट्ट गाठी दिसल्या तर पोट बंद करण्यापूर्वी जठरापासून गुदाशयापर्यंत हात फिरवावा, एवढं मी तेव्हापासून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाला आवर्जून सांगते.

तिचं नंतर सीकमचं ऑपरेशन झालं आणि फोलफॉक्स हा केमो दिला. त्यातल्या ऑक्झॅलिप्लॅटिनने गार वस्तूला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, गार पाणी घशाला टोचतं. ती थंडीच्या दिवसांत हातमोजे घालून कॉलेजला जायची. दोन वर्षं तिला बरी मिळाली.

आता क्षयरोगाबद्दल. आपल्या देशात तरुण मुलाचं पोट दुखतंय, वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, पोटात पाणी झालंय आणि सीटी स्कॅनमध्ये ओमेंटम जाड दिसतंय, तर पहिला विचार टीबीचा होणार. तो व्हायलाही हवा; तशी मुलं खरोखरच असतात आणि औषधाने बरी होतात. सिग्नेट रिंगचा फैलाव स्कॅनमध्ये हुबेहूब तसाच दिसतो. पेट स्कॅनचाही नेहमी उपयोग होत नाही, कारण श्लेष्मा जास्त आणि पेशी विरळ असल्याने हे ट्यूमर साखर फारशी ओढत नाहीत आणि चमकत नाहीत. मग तुकडा न घेता एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होते. सीबीनॅट ही टीबीची चाचणी निगेटिव्ह आली तरी एकेटी चालू राहते, कारण पोटाच्या टीबीत ती पुष्कळदा निगेटिव्ह येतेच. दोन महिन्यांनी फरक नाही, तर औषधाला दाद न देणारा टीबी असेल म्हणून गोळ्या बदलतात. अशा मुलांचे कागद मी पाहते तेव्हा प्रत्येक पायरी सुटी सुटी समजण्यासारखी वाटते. त्या सगळ्या मिळून सहा-आठ महिने खाऊन टाकतात.

पोटातलं पाणी काढून आमच्याकडे पाठवलं तरी काम सोपं नसतं. या पेशी पाण्यात तरंगत असताना साध्या भक्षक पेशींसारख्याच दिसतात. पाणी थोडं पाठवलं, उशिरा पाठवलं, तर ओळख राहून जाते. म्हणून भरपूर पाणी, ताबडतोब, आणि जमल्यास सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशींचा मेणातला ठोकळा) बनवता येईल इतकं पाठवा, असं मी सांगत असते. दुर्बिणीतल्या तुकड्याचंही तेच. हा आजार वरच्या अस्तराखालून पसरतो. वरवरचा चिमूटभर तुकडा घेतला तर "सूज आहे" एवढाच रिपोर्ट जातो आणि घरचे पेढे वाटतात. आतडं कडक आणि अरुंद दिसत असेल तर तो रिपोर्ट पुरेसा मानू नये. खोलवरचे, जास्त तुकडे पुन्हा घ्यावेत.

तिसऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. वय तेरा. उजवीकडच्या मोठ्या आतड्यात गाठ, आजूबाजूच्या लसीका ग्रंथी भरलेल्या. आतड्याच्या प्रत्येक कॅन्सरवर आम्ही एमएमआरची चार प्रथिनं तपासतो: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२. पेशी दुभंगताना डीएनएच्या नकलेत ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारी ही मंडळी. ट्यूमरमध्ये एखादं प्रथिन नसेल तर ते रंगत नाही, पण शेजारच्या निरोगी पेशींत रंग उमटायलाच हवा. तो उमटला की रंगकाम ठीक झालं असं आम्ही समजतो. या मुलाच्या काचेवर पीएमएस-२ ट्यूमरमध्ये नव्हतं आणि निरोगी पेशींतही नव्हतं. आमच्या अनुभवी टेक्निशियनने काच बाजूला काढली, "मॅडम, रंग बसला नाही" म्हणाले, आणि पुन्हा लावायला घेतली. पुन्हा तेच. शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या पेशंटच्या तुकड्यात मात्र रंग छान उमटला होता.

मग मी बालकॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, मुलाच्या अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का आणि आईवडील नात्यातले आहेत का? दोन्ही उत्तरं हो आली. आई ही वडिलांची सख्खी मामेबहीण होती. दोघांकडे दुरुस्तीच्या त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत, आणि मुलाकडे दोन्ही बिघडलेल्या आलेल्या. अशा मुलांच्या शरीरातल्या कुठल्याच पेशीत ते प्रथिन नसतं. त्यांना लहानपणीच मेंदूचे ट्यूमर, रक्ताचे कॅन्सर, आतड्याचे कॅन्सर होतात. आईवडिलांना स्वतःला मात्र काहीही झालेलं नसू शकतं. आते-मामे भावंडांची लग्नं आपल्याकडे कितीतरी घरांत पिढ्यानपिढ्या होत आली आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य घरांत असं काही घडत नाही. तरी अशा घरातल्या मुलाला कॅन्सर झाला तर हा प्रश्न विचारायलाच हवा. विचारताना आईवडिलांना अपराधी वाटणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. त्या आईने मला विचारलं, "म्हणजे आमच्या लग्नानं झालं का हे?" मी म्हटलं, बिघडलेली प्रत तुमच्या दोघांच्या जन्माआधीपासून घरात होती, ती कुणी आणली नाही.

या तपासणीने त्या मुलाचा इलाज बदलला. दुरुस्तीची यंत्रणा नसलेल्या ट्यूमरमध्ये इतक्या चुका साचलेल्या असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परका म्हणून ओळखू शकते, फक्त तिच्यावरचा ब्रेक काढावा लागतो. ते काम करणाऱ्या पेम्ब्रोलिझुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये अशा, पसरलेल्या किंवा ऑपरेशनने न निघणाऱ्या, ट्यूमरसाठी मान्यता मिळाली, अवयव कुठलाही असो, आणि त्या मान्यतेत लहान मुलंही होती. औषधाचा खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे ऑपरेशन आणि नेहमीचा केमो कितीतरी गरीब घरांच्या आवाक्यात आला आहे, हे मी रोज पाहते. या औषधासाठी मात्र आमच्या समाजसेवा विभागाच्या ताईंनी ट्रस्टांच्या दारोदार अर्ज केले. मुलाच्या गाठी विरघळत गेल्या. तो अजून तपासणीला येतो. त्याची धाकटी बहीण तपासली, तिच्याकडे एकच बिघडलेली प्रत निघाली.

घरातल्या आजारांची हकिगत काढणं हे आमच्याकडे सर्वांत अवघड काम आहे. "घरात कुणाला कॅन्सर?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: नाही. मग हळूहळू विचारायचं. मामा कशाने गेले? "आतड्याला पीळ पडला होता." किती वर्षांचे होते? "चाळिशीसुद्धा नव्हती." आजी? "तिची पिशवी काढली होती, मग दोन वर्षांत गेली." गर्भाशयाचा आणि आतड्याचा कॅन्सर एकाच घरात पुन्हा पुन्हा, कमी वयात: हे लिंच सिंड्रोमचं, म्हणजे दुरुस्तीच्या त्याच जनुकांपैकी एखाद्याची एक बिघडलेली प्रत वारशाने आल्याचं, चित्र आहे. ॲल्ड्रेड वॉर्थिन या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टना १८९५ मध्ये त्यांच्याकडच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे याच आजारांनी जातात, मीही तशीच जाणार. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, तिच्या घराण्याची वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये छापली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरनेच गेली. हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशी आणखी घराणी मांडली, आणि एमएसएच-२ हे जनुक सापडलं १९९३ मध्ये. या सगळ्या शोधाची सुरुवात एका बाईचं बोलणं मनावर घेण्यातून झाली, याचा मला, याच पेशातली म्हणून, अभिमान वाटतो. आपल्याकडे तीच माहिती मुलींची लग्नं अडतील म्हणून पुरून ठेवली जाते. ज्याच्याकडे ते बिघडलेलं जनुक आहे त्याची विशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी केली तर कॅन्सर होण्याआधीच आतड्यातले कोंब (पॉलिप) काढून टाकता येतात. लपवल्याने लग्न होईलही. तो माणूस चाळिशीत जाऊ शकतो.

किशोरवयीन मुलं शौचाचं बोलत नाहीत. लहान मुलाची शी आई पाहते. बारा-तेरा वर्षांनंतर कुणीच पाहत नाही. मुली रक्त पाहून पाळीचं समजतात. मुलगे कुणाला सांगत नाहीत, सांगितलंच तर मित्राला. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की सरळ विचारा. रक्त पडतं का, शौचाची सवय बदलली का, पोट साफ होत नाही असं वाटतं का. बहुतेक मुलांना साधंच काही निघेल, जंत, चीर, आमांश. पण उपचार करूनही महिनाभरात थांबलं नाही, सोबत हिमोग्लोबिन खाली आहे किंवा वजन उतरतंय, तर मलम बदलत बसू नका.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना: पंधरा वर्षांच्या मुलाला मूळव्याध सहसा होत नाही. मूळव्याध म्हणण्याआधी, पालकांच्या परवानगीने, मुलाला विश्वासात घेऊन, बोट घालून तपासा. दोन मिनिटांचं काम आहे आणि गुदाशयातली गाठ बोटाला लागते. एकेटी सुरू करण्याआधी तुकडा किंवा पाणी पाठवा. आणि एखादं मूल या आजाराने आधीच गेलं असेल, त्याची एमएमआर तपासणी तेव्हा झाली नसेल, तर त्याच्या आईवडिलांना सांगा की त्याच्या ट्यूमरचा मेणातला ब्लॉक जिथे ऑपरेशन झालं तिथल्या पॅथॉलॉजी विभागात कित्येक वर्षं जपून ठेवलेला असतो. तो अर्ज करून मागता येतो आणि त्यावर ही तपासणी आजही होऊ शकते. त्याच्या भावंडांसाठी ती करून घ्या.